हरिकेनचा हंगाम जोरात असताना काय बघायचे, काय उरकायचे

अटलांटिकचा हरिकेन, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. अमेरिकेत टॅम्पा, न्यू ऑर्लिन्स किंवा ह्यूस्टनकडे राहत असाल तर दोन कामे वादळाला नावही पडले नसताना उरका. एक, पुराचा विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो आणि सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर घेऊन काही उपयोग नाही. दोन, काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) संकेतस्थळावर पत्ता टाकून आपला इव्हॅक्युएशन झोन बघून ठेवा. विम्याचा फ्लड झोन वेगळा. घर सोडण्याचा आदेश इव्हॅक्युएशन झोनप्रमाणे निघतो.

नॅशनल हरिकेन सेंटर या अमेरिकी सरकारी केंद्राचा आउटलुक, म्हणजे कुठे वादळ तयार होऊ शकते याचा अंदाज, दिवसातून चारदा येतो: उन्हाळी वेळेत पूर्व किनाऱ्यावर पहाटे २, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८. पुढच्या ७ दिवसांत वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांखाली असेल तर नकाशावरचा पट्टा पिवळा, ४० ते ६० केशरी, त्यावर लाल. वादळ तयार कुठे होऊ शकते एवढेच तो पट्टा दाखवतो. ते पुढे कुठे जाईल हे त्यात नसते. हंगाम तापला की तीन-तीन पट्टे एकदम दिसतात. अशा वेळी रंगाआधी अंतर बघा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या केप व्हर्दे बेटांजवळच्या लाल पट्ट्याला अमेरिकेपर्यंत यायला आठवडाभर किंवा जास्तच लागतो, पण आखातातला पिवळा दोन-तीन दिवसांत दारात उभा राहू शकतो.

‘९५एल’सारखा क्रमांक म्हणजे नुसती निरीक्षणाखालची प्रणाली. तिला अजून धड केंद्र नसते, त्यामुळे संगणकी हवामान-मॉडेलांनी दाखवलेल्या वाटेच्या रेषा चहूकडे फाकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दहा दिवसांनंतरचा भयानक नकाशा बहुतेकदा एकाच मॉडेलच्या एकाच रनचा, म्हणजे एका वेळच्या गणिताचा, असतो. तो सरळ सोडून द्या.

वादळ तयार झाले की पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ या वेळी पूर्ण बुलेटिन येते. किनाऱ्याला इशारे लागू असतील तर मधे तीन-तीन तासांनीही. सकाळी ११चे बुलेटिन भारतात रात्री साडेआठला पोहोचते. घरच्यांशी बोलायला तीच वेळ ठरवून टाका, म्हणजे दिवसभर फोन वाजत राहणार नाही. आणि त्यांना हेही सांगा की अमेरिकेत वाऱ्याचा वेग १ मिनिटाच्या सरासरीने मोजतात, भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांच्या. दोन्हीकडच्या आकड्यांची थेट तुलना नको.

नकाशावरचा पांढरा शंकू फक्त केंद्राच्या वाटेचा असतो. मागच्या पाच वर्षांच्या अंदाजांतल्या चुकांवरून तो आखतात आणि केंद्र साधारण तीनपैकी दोनदा त्यात राहते. वादळ केवढे पसरले आहे हे त्यातून कळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचे केंद्र टॅम्पाला न शिवता बरेच लांबून, समुद्रातून गेले, तरी टॅम्पा बेच्या काठावरच्या घरांत पाणी शिरले. म्हणून ‘स्टॉर्म सर्ज’चा, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा, नकाशा वेगळा उघडा. त्यातले ६ फूट म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या जमिनीवर ६ फूट. झोनला आदेश निघाला की कॅटेगरीचा (वाऱ्याच्या वेगावरून ठरणारा १ ते ५) आकडा बघत बसू नका, निघा.

सगळ्यात कामाचा, पण फारसा कोणी न उघडणारा नकाशा म्हणजे ताशी ६३ किमीचे वारे कधी पोहोचतील तो. त्याच्या दोन आवृत्त्या असतात. ‘लवकरात लवकर’वाली धरा आणि तिथून उलटे मोजा. त्या वाऱ्यात शिडीवर चढता येत नाही, म्हणून शटर किंवा ५/८ इंची प्लायवूड त्याआधी लागलेच पाहिजे. काचेला चिकटपट्ट्या मारण्यात वेळ घालवू नका. काच फुटायची राहत नाही. पेट्रोल आणि रोख रक्कम ‘वॉच’ हा पहिला इशारा लागतानाच, म्हणजे हे वारे येण्याच्या साधारण ४८ तास आधी. त्यानंतरच्या पक्क्या ‘वॉर्निंग’ची, म्हणजे ३६ तासांची, वाट बघाल तर पंपावर रांगा. मिल्टन वादळ ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दिवसात कॅटेगरी १ वरून ५ वर गेले, तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायला जागा नाही.

पाणी माणशी रोज ४ लिटर, निदान तीन दिवसांचे; फ्लोरिडात आठवड्याचे ठेवलेले बरे. बाथटब भरा, ते फ्लशला. डाळ-तांदळाचे डबे भरलेले असले तरी वीज गेल्यावर इंडक्शन बंद, त्यामुळे भडंग, खाखरे, गुळपोळ्या, शेंगदाण्याचे लाडू असे न शिजवता खाण्यासारखे हवे. न उघडलेला फ्रिज ४ तास, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास थंडावा धरतो. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचा कागद), ओसीआय कार्ड आणि विम्याचे कागद झिपच्या पिशवीत घालून हातातल्या बॅगेत ठेवा. त्यांचे फोटो भारतातल्या एका माणसाकडेही असू द्या.

जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर, धूर खिडकीकडे येणार नाही अशा तोंडाने. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चालवणेही नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळ ओसरल्यावर त्याने माणसे दगावतात. बॅटरीवरचा अलार्म आधीच लावा.