वेगवान रेल्वेचा पूल आखताना आधी ताठरपणा पाहावा

मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या ५०८ किलोमीटरपैकी सुमारे ४६५ किलोमीटर मार्ग उन्नत पुलांवरून जातो. त्यातील बरेच गाळे (दोन खांबांमधील अंतरे) ४० मीटरचे असून त्यांवर सुमारे ९७० टनांचा एकसंध पेटी-गर्डर, म्हणजे पोकळ पेटीसारखी तुळई, बसतो. साध्या रेल्वेपुलांची सवय असलेला अभियंता येथेही आधी भारवहनक्षमतेचे गणित मांडू लागतो. ती अर्थातच तपासावी लागते, पण मालगाडीच्या मानाने हलक्या असलेल्या या गाडीसाठी गर्डरची खोली बहुधा ताठरपणावरूनच, म्हणजे भाराखाली तो किती कमी वाकतो यावरूनच, ठरते.

म्हणून सुरुवात कंपनापासून करावी. जपानच्या शिंकान्सेन या वेगवान रेल्वेच्या ई-५ गाडीचा मधला डबा २५ मीटर लांब असल्यामुळे पुलाला दर २५ मीटरांनी एकसारखा धक्का बसत राहतो. गर्डरची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतो ती संख्या, ३.५ हर्ट्झ धरली, तर ३.५ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला ८७.५ मीटर, अर्थात ताशी ३१५ किलोमीटर या वेगाला अनुनाद होतो, म्हणजे धक्के आणि कंपन यांची लय जुळून कंपन वाढत जाते. आणि गाडी धावणार आहे ताशी ३२० ने! युरोपीय संहितेप्रमाणे मार्गाच्या कमाल वेगाच्या १.२ पटींपर्यंत तपासणी करावी लागते, म्हणजे तो वेग ताशी ३५० धरला तर ४२० पर्यंत. पहिला अनुनाद या मर्यादेपलीकडे ढकलायचा, तर वारंवारता सुमारे ४.७ हर्ट्झच्या वर हवी. तेवढ्याने काम संपत नाही, कारण याच्या निम्म्या वेगाला दुसरा, सौम्य अनुनाद येतो. यासाठी एकच वेग न घेता सर्व वेगांचा आलेख काढावा. वस्तुमान व ताठरपणा यांचे कमी आणि जास्त असे दोन्ही अंदाज घ्यावेत, आणि पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या (ताणलेल्या तारांनी आधीच दाब दिलेल्या) लांब गाळ्यांना अवमंदन, म्हणजे कंपन आपोआप विरण्याचे प्रमाण, १ टक्क्याहून अधिक गृहीत धरू नये. खडीविरहित मार्गावर (रूळ खडीऐवजी काँक्रीटच्या स्लॅबवर असतात तेथे) डेकचे, म्हणजे पुलाच्या वरच्या पृष्ठाचे, उभे त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत राहिले पाहिजे. खडीच्या मार्गावर ही मर्यादा ३.५ आहे, कारण त्वरण फार वाढले की खडी सैल होऊ लागते.

हे गणित गर्डरपुरतेच केले, तर मात्र फसगत होते. खांब, जमिनीत खोल गेलेले पायाचे स्तंभ (पाईल) आणि त्यांना वरून जोडणारा ठोकळा (पाईल कॅप) यांची लवचिकता धरली की वारंवारता खाली येते, शिवाय ब्रेक लागताना पुलाचे टोक किती सरकेल, तेही पायावरच अवलंबून असते. सलग जोडलेल्या रुळांत त्यामुळे वाढणारा ताण आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या यूआयसी ७७४-३ या पद्धतीने तपासावा.

पायाचा प्रकार जमिनीवरून ठरवावा, नकाशावरून नव्हे. कोकणपट्टीत खाडीकाठची मऊ चिकणमाती आणि खालचा बेसाल्ट थोड्या अंतरावर बदलतात, त्यामुळे प्रत्येक खांबाच्या जागी स्वतंत्र बोअरहोल (माती-खडक तपासण्याचे खोल छिद्र) घेणे शहाणपणाचे. मऊ थरावर भराव पडणार असेल, तर तो थर खचताना पाईललाच खाली ओढतो. हे ओझे विसरले जाते. नदीत पुराने होणारी जास्तीत जास्त धूप वजा करूनच पाईलची किंवा विहिरीची (विहिरीसारख्या रुंद, खोल पायाची) उपयोगी लांबी मोजावी. नर्मदेवर याच मार्गासाठी विहीर-पाये वापरले आहेत, त्यांतील काही ७० मीटरांहून खोल. डहाणू परिसरात २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपांची मालिका जाणवली होती, म्हणून तेथे आडव्या भाराची तपासणी वरवरची नको.

खचण्याची मर्यादा मात्र अगदी कडक ठेवावी. चीनच्या संहितेत खडीविरहित मार्गाला बांधकामानंतर एका खांबाचा खचवा २० मिलिमीटर आणि शेजारच्या दोन खांबांतील फरक ५ मिलिमीटर इतकाच चालतो, कारण खडी भरून पातळी सुधारण्याची सोय तेथे नसते. गर्डरही विसर्पणामुळे, म्हणजे सततच्या दाबाखाली काँक्रीटचा आकार हळूहळू बदलत गेल्यामुळे, महिनोन्‌महिने वर उचलला जात राहतो. म्हणून गर्डर चढवल्यापासून खांबांच्या खुणा आणि गर्डरच्या मध्याची पातळी ठरावीक दिवसांनी मोजावी, आणि ते आलेख सपाट होऊ लागल्याशिवाय वर रुळांचा स्लॅब बसवू नये.