मोबाईलवर पेज आडवं सरकत होतं, ते असं सुटलं

मी शिकवतो गणित, वेब डिझाइन शिकतोय ते वर्गासाठी पेजेस बनवता बनवताच, नुसते व्हिडिओ बघून डोक्यात काही राहत नाही. वेळापत्रक आणि गृहपाठाचं पेज केलं, लॅपटॉपवर एकदम झकास, पण मुलांच्या मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पेज किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ) नसला की मोबाईलचा ब्राउझर पेज साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मग सगळं बारीक करून दाखवतो. हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, तो टॅग टाकला, विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ (फोनच्या स्क्रीनएवढी रुंदी), अक्षरं लगेच नीट. पण आता पेज आडवं सरकायला लागलं! मग नेमकं काय बाहेर जातंय ते दिसावं म्हणून सगळ्या एलिमेंट्सना (पेजवरच्या प्रत्येक भागाला) तात्पुरती लाल आउटलाइन दिली (बॉर्डर नको, तिच्यामुळे मापं बदलतात) तर वेळापत्रकाचं टेबल स्क्रीनच्या बाहेर चाललेलं. सात कॉलम, ते तरी किती आकसणार बिचारं. त्याला एका डिव्हमध्ये (डब्यासारखा टॅग) घालून डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं (आतलं मावलं नाही तर ते डब्यातच आडवं सरकतं), आता फक्त टेबल सरकतं, पेज जागच्या जागी. फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांना मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) १०० टक्के, हाइट ऑटो, विषय संपला. लॅपटॉपच्या ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्समध्ये मोबाईल व्ह्यू असतो, त्यात आधी बघा, पण खऱ्या फोनवरही एकदा उघडाच.