डार्टमूरला एकच दिवस असेल तर हेटॉर ते हाउंड टॉर चाला

डार्टमूरला पहिल्यांदा जाणारे बरेचजण गाडीने या टॉरवरून (टॉर म्हणजे माळावर उघडा पडलेला खडकांचा सुळका) त्या टॉरवर जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. इंग्लंडच्या डेव्हनमधलं हे नॅशनल पार्क १९५१ सालचं, ९५४ चौरस किमीचं, एका दिवसात ते बघून होतच नाही, त्यापेक्षा हेटॉर ते हाउंड टॉर एवढी एकच वाट धरा आणि सगळा दिवस तिला द्या.

निघताना ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) ओएल २८ नंबरचा कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या, कारण मोबाईलची रेंज भरवशाची नसते आणि धुकं आलं की पाच मिनिटांपूर्वी दिसणारा टॉर गायब होतो. उन्हाळ्यातही रेनजॅकेट हवंच. पँट मोज्यात खोचा, ब्रॅकन नावाच्या नेच्याच्या झुडपांत गोचीड असतात.

हेटॉरवर चढलात की हात लावून बघा, हा ग्रॅनाइट साधारण २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेला, वरचा थर झिजून गेला तेव्हा उघडा पडला. मग उत्तरेच्या उतारावरची जुनी ट्रामवे, म्हणजे दगड वाहणाऱ्या डब्यांची वाट, शोधा, ती मला सगळ्यात आवडते. १८२० ची, आणि तिचे रूळ लोखंडाचे नाहीत, दगडातच खाच कोरून केलेले आहेत! भरलेले डबे उताराने खाली कालव्यापर्यंत जायचे, रिकामे डबे घोडे वर ओढून आणायचे. १८३१ ला उघडलेल्या लंडन ब्रिजसाठी इथला दगड गेलाय.

पुढे बेका ब्रूक या ओढ्याकडे उतरताना पायाखाली लक्ष ठेवा. हेदर (जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप) वाढलंय तिथे जमीन बहुधा कोरडी असते, पण चमकदार हिरव्या शेवाळाचा मऊ गालिचा दिसला तर त्यावर पाय देऊच नका, खाली पाणी असतं. हेदर जांभळं बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये या. वसंतात आलात तर चंडोल डोक्यावर उंच जाऊन गात असतो पण त्याचं घरटं जमिनीवर असतं, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा पट्ट्यालाच बांधून ठेवावा लागतो, तो कायदाच आहे. पोनी, म्हणजे बुटके घोडे, मोकळे फिरतात तरी प्रत्येकाला मालक आहे. त्यांना खायला घालू नका, खाण्याच्या आशेने ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

ओढा ओलांडून वर गेलं की मध्ययुगातलं ओसाड गाव लागतं, इथे घाई नको. भिंती गुडघाभर उरल्यात पण लांबट घरांचा नकाशा स्पष्ट कळतो, वरच्या टोकाला माणसं राहायची आणि उताराच्या टोकाला गुरं, म्हणजे घाण खाली वाहून जायची. शेजारच्या कोठारांत धान्य वाळवायच्या भट्ट्या आहेत, एवढ्या ओल्या हवेत पीक आपोआप वाळणं अवघडच. त्याच्या वर लगेच हाउंड टॉर.

उत्तरेकडच्या माळावर जायचा विचार असेल तर आधी आर्मीच्या फायरिंगचं वेळापत्रक बघा, लाल झेंडा दिसला तर आत जायचं नाही. या वाटेवर ती भानगड नाही. फक्त परतीला बेका ब्रूकपासून हेटॉरपर्यंत सगळा चढ आहे, त्यामुळे अंधार पडायच्या चांगलं आधी मागे फिरा.