अंजीर-चीजचं पॅटिस: पाणी हवं कुठे, नको कुठे

चिरोट्याला पदर सुटतात, पण ते पॅटिससारखे फुगत नाहीत, कारण साट्यातल्या तुपात पाणी नसतं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर वर उचलते. म्हणूनच इथे बटरऐवजी तूप चालत नाही. तेच पाणी सारणातून आलं, तर मात्र तळ लगदा होतो. फळ घालायचं असेल तेव्हा सगळी काळजी इथेच घ्यावी लागते.

पुरंदरची अंजिरं (२०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेली) यासाठी फार चांगली. हिवाळ्यातल्या खट्टा बहाराची मिळाली तर उत्तमच: गोडी कमी असते, चीजशी छान जमतं, आणि थंडीत बटरही आटोक्यात राहतं. ३५० ग्रॅम घ्या, फार पिकलेली नकोत. देठ काढून प्रत्येकाचे आठ तुकडे करा आणि पसरट तव्यावर तेल न घालता मध्यम आचेवर परता. आधी रस सुटेल, मग आटेल. उलथनं फिरवल्यावर तव्यावर ओला माग राहत नाही, तोवर परतायचं. ८-१० मिनिटं लागतात. पूर्ण गार झाल्यावर १०० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज, ६० ग्रॅम घट्ट पनीर, दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा भरडलेली मिरी आणि २ चमचे भाजलेला बारीक रवा मिसळा. उरलासुरला ओलावा रवा पितो. नुसतं मोझरेला घालू नका, पाणी सोडतं. मीठ नको, चीजमध्ये पुरेसं असतं. अंजिराचा हंगाम नसेल तर बिया काढलेला, जरा कडक पेरू याच पद्धतीने परता.

पिठासाठी मैदा २५० ग्रॅम, त्यात चोळायला ३० ग्रॅम बटर, एक चमचा लिंबाचा रस आणि १२५ मिली फ्रीजमधलं पाणी. पदरांसाठी वेगळं २०० ग्रॅम बटर. बाजारचं खारं बटर असेल तर पिठात मीठ घालूच नका. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा. जास्त मळला तर लाटताना आखडतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

तोवर दुधाची पिशवी धुऊन, पुसून, उभी कापून घ्या आणि तिच्यात बटर ठेवून लाटण्याने १५ सेंमीचा चौकोन करा. वाकवल्यावर बटर तुटलं तर फार थंड आहे: लाटताना त्याचे तुकडे पडतील आणि पदर मधेमधे जोडले जातील. बोट सहज रुतलं तर फार मऊ. पिठात मुरेल आणि पॅटिस बिस्किटासारखं भुसभुशीत होईल. वाकेल पण तुटणार नाही, असं हवं.

पीठ २२ सेंमी चौकोनी लाटून त्यावर बटर तिरकं ठेवा, चारही टोकं पाकिटासारखी मिटा. लांब लाटा, तीन पदरी घडी घाला, पाव वळण फिरवा, पुन्हा लाटा. दोन घड्या झाल्या की ३० मिनिटं फ्रीज, पुन्हा दोन, पुन्हा फ्रीज, मग शेवटची एक. पाच घड्यांत बटरचे २४३ थर होतात. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका, आणि प्रत्येक घडीनंतर फ्रीजमध्ये ठेवा.

गोळ्याचे दोन भाग करून प्रत्येक ३ मिमी जाड लाटा. कडा कापून टाका आणि ११ सेंमीचे चौकोन पाडा. एकूण बारा होतील. सुरी ओढू नका, सरळ खाली दाबा, नाहीतर कापलेले पदर एकमेकांना चिकटतात. मधोमध दीड टेबलस्पून सारण ठेवा, कडेला १ सेंमी जागा सोडा, पाण्याचं बोट फिरवून त्रिकोणी दुमडा. वर वाफेसाठी एक चीर द्या. अंडं किंवा दूध-साय फक्त वरच्या बाजूला लावा. कापलेल्या कडेवरून ओघळलं तर ती बाजू उठत नाही.

भरलेली पॅटिस २० मिनिटं फ्रीजमध्ये, आणि ओटीजी तेवढाच वेळ दोन्ही रॉड लावून २१० अंशांवर. १५ मिनिटं २१० वर, मग १२-१५ मिनिटं १८० वर. ट्रेमध्ये बटर वाहून आलं तर ओव्हन पुरेसा तापला नव्हता. वरून रंग आला आणि आत कच्चं राहिलं, तर दुसरा टप्पा लवकर संपवलात: एक उलटून पाहा, तळ बदामी असला तरच काढा.

काढल्यावर जाळीवर ठेवा. ताटात ठेवलीत तर खालची वाफ तळातच मुरते.