एकच तास, तीन वह्या: अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरने सीई क्रेडिटचा हिशोब कसा ठेवावा

माझ्या सर्टिफिकेशनच्या पहिल्या रिन्यूअलच्या वेळी माझ्याकडे सीईचे, म्हणजे नोकरी करताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे, 118 तास जमले होते. लागणार होते 100. फॉर्म उघडला तेव्हा कळलं की त्यांपैकी औषधशास्त्राचे जेमतेम 16 होते आणि हवे होते 25. मुदत संपायला दोन आठवडे राहिले होते. उरलेले 9 तास मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत पूर्ण केले. सांगलीहून बहिणीचा फोन आला, तर म्हणाली, "अगं, अजून परीक्षाच देतेस का तू?"

परीक्षा नव्हती, हिशोब होता. आणि तो चुकला होता माझाच.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, निदान करणारी, औषधं लिहून देणारी नर्स. लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी 1965 मध्ये कोलोराडो विद्यापीठात याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज महाराष्ट्रातून आलेल्या, आधी इथे आरएन (नोंदणीकृत नर्स) झालेल्या आणि मग पुढे शिकलेल्या कितीतरी जणी हे काम करतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात अशी कोणी आहे त्यांच्यासाठी, हा लेख. उदाहरण मी टेक्सासचं घेते, कारण मी तिथेच काम करते. तुमचं राज्य वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी ठरवा: हिशोब कोणाकोणाला द्यायचा आहे

कागदाचे तीन तुकडे घ्या. एकावर सर्टिफिकेशन, दुसऱ्यावर राज्याचा परवाना, तिसऱ्यावर डीईए असं लिहा. सर्टिफिकेशन म्हणजे आपल्या क्षेत्राच्या राष्ट्रीय बोर्डाचं प्रमाणपत्र. डीईए म्हणजे नियंत्रित, म्हणजे व्यसन किंवा गैरवापर होऊ शकणाऱ्या औषधांवर लक्ष ठेवणारं केंद्रीय खातं. हे तीन वेगळे सावकार आहेत आणि एकाची पावती दुसरा आपोआप मानत नाही.

सर्टिफिकेशन कोणाचं आहे ते नीट बघा. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरला मुख्यतः दोन दारं असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्ड, म्हणजे एएएनपीसीबी, दर पाच वर्षांनी 1000 तासांचं क्लिनिकल काम आणि 100 तासांचं सीई मागतं. त्या 100 मध्ये किमान 25 औषधशास्त्राचे हवेत. नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर, म्हणजे एएनसीसी, याचीही मुदत पाच वर्षंच. तिथे 75 तास, त्यांत 25 औषधशास्त्राचे, आणि शिवाय आठ प्रकारांपैकी किमान एक पूर्ण करायचा: 1000 तासांचं काम, विद्यार्थ्यांना शिकवण्याचे 120 तास, आणखी 75 तासांचं सीई, असं काहीतरी. बालरोगाच्या क्षेत्रात पीएनसीबी या बोर्डाचं सर्टिफिकेशन असेल तर नूतनीकरण दरवर्षी. स्त्री-आरोग्यासाठी एनसीसी या संस्थेचं असेल तर दर तीन वर्षांनी, आणि तिथे आधी एक चाचणी देऊन तुम्हाला कोणत्या विषयांत तास लागतील ते ठरतं.

राज्याचा परवाना टेक्सासात दोन वर्षांचा असतो. तो तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतो. सम साली जन्म असेल तर सम सालात, विषम साली असेल तर विषम सालात. मूळ अट 20 तासांची, पण राष्ट्रीय सर्टिफिकेशन चालू असेल तर ते त्याच्या जागी चालतं. औषधं लिहून देण्याचा अधिकार असेल तर औषधशास्त्राचे 5 तास वेगळे आणि नियंत्रित औषधं लिहीत असाल तर त्यावर आणखी 3. हे 3 त्या 5 मध्ये धरायचे नाहीत. इथे बऱ्याच जणी घसरतात.

सर्टिफिकेट वाचायला शिका

सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

कोर्स संपला की एक पान येतं. त्यावर सुंदर किनार असते, सही असते, आपण ते फोल्डरमध्ये टाकून मोकळ्या होतो. पण वाचायच्या असतात त्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या दोन ओळी: या कार्यक्रमाला मान्यता कोणी दिली आणि किती तासांची.

तिथे एएनसीसी असं नाव दिसलं की एएएनपीसीबीवाल्या मैत्रिणी घाबरतात. "हे माझ्या बोर्डाचं नाही." तसं नसतं. एएनसीसी दोन वेगवेगळी कामं करते. एक, व्यक्तींना सर्टिफिकेशन देते. दोन, शिक्षण देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. सर्टिफिकेटवरचं नाव दुसऱ्या कामाचं असतं आणि ते तास एएएनपीसीबीलाही चालतात. उलट बाजूला, एएएनपी ही सभासदांची संघटना आणि एएएनपीसीबी हे सर्टिफिकेशन बोर्ड या दोन वेगळ्या संस्था आहेत. संघटनेकडे केलेले तास बोर्डाकडे आपोआप जाऊन बसले असतील असं गृहीत धरू नका.

दुसरा गोंधळ डॉक्टरांच्या कार्यक्रमांचा. हॉस्पिटलातल्या ग्रँड राउंडला, म्हणजे डॉक्टरांच्या नियमित व्याख्यानाला, किंवा हृदयरोगाच्या परिषदेला जे क्रेडिट मिळतं ते असतं एएमए पीआरए कॅटेगरी वन, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं डॉक्टरांसाठीचं क्रेडिट. डॉक्टरला त्यावर 'क्रेडिट' लिहून मिळतं. नर्सला त्याच सभागृहात, त्याच खुर्चीवर बसून फक्त हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं, कारण ते क्रेडिट नियमाने डॉक्टरांनाच द्यायचं असतं. म्हणून ते फेकून देऊ नका. 'हा कार्यक्रम कॅटेगरी वनसाठी नेमून दिलेला आहे' असं वाक्य त्यावर असेल तर एएएनपीसीबी आणि एएनसीसी दोघंही ते तास धरतात. माझ्या एका सहकारिणीने अशी अख्ख्या वर्षाची प्रमाणपत्रं 'नुसती हजेरी' म्हणून श्रेडरमध्ये घातली होती.

2009 पासून एक सोय झाली आहे. डॉक्टरांच्या शिक्षणाला मान्यता देणारी एसीसीएमई, फार्मासिस्टांची एसीपीई आणि नर्सांची एएनसीसी यांनी मिळून संयुक्त मान्यता सुरू केली. 'जॉइंट अक्रेडिटेशन'चा शिक्का असेल तर वाद उरत नाही.

तिसरी गोष्ट औषधशास्त्राची. नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर बहुधा लिहिलेलं असतं: एकूण 1.5 तास, त्यांपैकी 0.75 औषधशास्त्र. डॉक्टरांच्या कार्यक्रमात ही फोड बहुतेक वेळा नसते. म्हणून अशा परिषदेची कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा. त्यावर 'उच्च रक्तदाबाची नवी औषधं, 45 मिनिटं' असं छापलेलं असलं की पुढे दाखवायला आधार राहतो. विषयाच्या नावात औषध नसलेलं सत्र मी औषधशास्त्रात घालत नाही. एक तास कमी पडलेला परवडला.

मेडस्केपसारख्या वेबसाइटवर फुकट कोर्स करणार असाल तर आधी प्रोफाइलमध्ये व्यवसाय बरोबर निवडला आहे का ते पाहा. तो चुकला तर सर्टिफिकेटही चुकीच्या जातीचं निघतं.

तासांचा भाव

साठ मिनिटं म्हणजे एक कॉन्टॅक्ट अवर. कॅटेगरी वनचं एक क्रेडिटही तेवढंच. एक सीईयू, म्हणजे सीईचं एकक, मात्र दहा तासांचं. सर्टिफिकेटवर 0.2 सीईयू दिसलं की तोंड वाकडं करू नका, ते दोन तास आहेत. विद्यापीठातलं एक सेमिस्टर क्रेडिट 15 तासांचं धरतात. कॅलिफोर्नियाचं बोर्ड पन्नास मिनिटांना तास म्हणतं, म्हणून काही सर्टिफिकेटांवर एकाच कोर्सचे दोन आकडे असतात. आपल्याला लागणारा आकडा बहुतेक वेळा लहान असतो.

पुण्याला सुट्टीवर असताना केलेली परिषद? विषय कितीही चांगला असो, तिच्यावर अमेरिकी मान्यता संस्थेचा शिक्का नसेल तर या मोजणीत धरू नका. बीएलएसचा (बंद पडलेलं हृदय, श्वास चालू करण्याच्या प्राथमिक उपायांचा) कोर्सही टेक्सासचं बोर्ड सीई म्हणून घेत नाही.

डीईएचे आठ तास

नियंत्रित औषधं लिहिणाऱ्यांसाठी 27 जून 2023 पासून नवा नियम आला, मेट नावाच्या केंद्रीय कायद्यातून. व्यसनविकार असलेल्या रुग्णांवर उपचार या विषयाचं 8 तासांचं प्रशिक्षण आयुष्यात एकदाच. एका बैठकीत करायची गरज नाही, तुकड्यातुकड्याने जमवता येतं. डीईएची नोंदणी दर तीन वर्षांनी होते. त्या तारखेनंतरच्या पहिल्या नोंदणीत फक्त एक चौकोन टिक करायचा असतो, कागद जोडायचे नसतात. कागद कोणी मागत नाही म्हणून तो जपायचा नाही, असं मात्र करू नका.

आता वही

साधी एक्सेल शीट पुरते. तारीख, विषय, मान्यता कोणाची, एकूण तास, औषधशास्त्राचे तास आणि मग तीन रकाने: बोर्ड, राज्य, डीईए. एक तास तीन वेगळ्या सावकारांना दाखवता येतो. समजा, ओपिऑइडच्या (अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांच्या) व्यसनावर औषधोपचार हा 2 तासांचा मान्यताप्राप्त कोर्स केला. तो एएएनपीसीबीच्या 25 मध्ये गेला, टेक्सासच्या नियंत्रित औषधांच्या 3 मध्ये गेला, डीईएच्या 8 मध्येही गेला. टेक्सासच्या 5 मध्ये मात्र तोच पुन्हा घालायचा नाही. एका सावकाराकडे एक तास एकदाच.

माझा बेत असा असतो: वर्षाला 20 तास, त्यांत 5 औषधशास्त्राचे आणि हे 5 मार्चच्या आत. विद्यार्थिनी शिकायला येत असतील तर त्यांना शिकवण्याचे तासही एएएनपीसीबी जास्तीत जास्त 25 पर्यंत धरतं, पण औषधशास्त्राच्या बदल्यात नाही.

कोर्स संपल्याच्या मिनिटाला पीडीएफ उतरवा. वेबसाइटवर राहील या भरवशावर राहू नका, नोकरी बदलली की हॉस्पिटलच्या शिक्षण पोर्टलचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद होतो. फाइलच्या नावातच तारीख आणि तास घाला. टेक्सासात ही कागदपत्रं किमान दोन रिन्यूअलच्या काळापुरती, म्हणजे चार वर्षं, ठेवावी लागतात. मी ती क्लाउडवरही ठेवते आणि पेन ड्राइव्हवरही. तो पेन ड्राइव्ह मसाल्याच्या डब्याशेजारच्या खणात असतो, पासपोर्टांबरोबर. गेल्या वर्षी ऑडिटचं पत्र आलं तेव्हा कागद पाठवायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पेन ड्राइव्हचं टोपण शोधण्यात.