सराव पाठात तक्ता की व्हिडिओ?

सराव पाठात, म्हणजे शिकाऊ शिक्षक खऱ्या वर्गावर घेतात त्या पाठात, हलणारी गोष्ट व्हिडिओवर दाखवायची आणि तास संपेपर्यंत डोळ्यांसमोर राहायला हवी ती तक्त्यावर किंवा फळ्यावर. यापलीकडे फार डोकं लावू नका. फसगत साधनांच्या निवडीत नसते, क्रमात असते.

रक्ताभिसरणाचा पाठ घ्या. नवखे शिक्षक सगळी नावं लिहिलेला तक्ता आधीच टांगतात आणि विचारतात, "हृदयाला कप्पे किती?" मुलं वाचून उत्तर देतात. मग व्हिडिओ सलग चालतो, वर्ग चिडीचूप. त्या शांततेवर अजिबात भाळू नका. एखाद्याला फळ्यावर बाण काढायला बोलवा, हमखास अडकेल. तक्त्यात हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला असते, व्हिडिओत तर हृदय गरगर फिरतं. दोन्ही चित्रं जुळवायला मुलांना उसंतच मिळालेली नसते.

म्हणून आधी फळ्यावर नुसती बाह्यरेषा काढा आणि 'डावे', 'उजवे' लिहा. निळ्या खडूने रक्ताचे बाण काढा: शरीराकडून उजव्या अलिंदात (वरचा कप्पा), तिथून उजव्या निलयात (खालचा कप्पा), मग फुप्फुसांकडे. लाल खडूने फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात, डाव्या निलयात आणि शरीराकडे. (रक्त निळं नसतं हे तेव्हाच सांगा, नाहीतर मुलं तेच धरून बसतात.) आता व्हिडिओ लावा, आवाज बंद करून. प्रत्येक कप्प्यापाशी थांबवा: "आता कुठे जाईल?" उत्तरं आली की आवाजासह पुन्हा. नावांचा तक्ता सगळ्यात शेवटी.

तक्त्याला 22×28 इंची कार्डशीट पुरते. अक्षरं किमान 3 सेंमी, काळी किंवा गडद निळी. पिवळा स्केचपेन मागच्या बाकावरून दिसत नाही. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, म्हणजे टांगल्यावर कडा भिंतीकडे वळतात. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, टाळा. विकतचा तक्ताही चालतो. नक्षीदार किनार बघून गुण देणारे मार्गदर्शक भेटतीलच, तेवढं सोसा. दुसऱ्याची पीपीटी मात्र उचलू नका. पुढची स्लाइड काय आहे हे तुम्हालाच माहीत नसतं.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ आदल्या दिवशी डाउनलोड करा आणि नेट बंद करून चालवून बघा. प्रोजेक्टरला व्हीजीए केबल लागते की एचडीएमआय, शाळेत आधी विचारा. ऐन पाठात वीज गेली तरी घाबरू नका, फळ्यावर बाण आहेत. तिथूनच पुढे विचारत राहा.