मत न पटल्यामुळे कोणी अपमान केला, तर

पावसाने ओढ दिलेल्या वर्षी नाशिकमध्ये एक वाद हमखास निघतो, तो म्हणजे गंगापूर आणि दारणा धरणसमूहांतील पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणासाठी सोडावे की नाही. अशाच एका वर्षी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली होती. पाणीपट्टीवरून बोलणे जायकवाडीवर गेले, तेव्हा कायद्यानुसार पाणी सोडावेच लागेल, असे मत मी मांडले. पुढच्या रांगेतील एक काका प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे वळवत म्हणाले, "तुमचे आजोळ पैठणचे ना? मग दुसरे काय बोलणार! खायचे इथले आणि गायचे तिकडचे." सगळे हसले. मी त्यांच्या रोज सकाळी पाइप लावून गाडी धुण्यावर घसरलो, ते माझ्या थकलेल्या मेंटेनन्सवर आले, आणि पाण्याचा विषय कोणाच्याही लक्षात राहिला नाही.

अशा वेळी सर्वांत आधी त्या टोमण्यात एखादा आक्षेप दडलेला आहे का, हे पाहावे. काकांच्या बोलण्यात तो होता, कारण माझे मत नात्यातून आलेले आहे, असे त्यांना सुचवायचे होते. त्याचे उत्तर मी असे द्यायला हवे होते: "होय, माझे आजोळ पैठणचे आहे, म्हणूनच माझ्या शब्दावर विसंबू नका. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे, आणि जायकवाडीचा साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने मांडले होते. यात तुम्हाला काय चुकीचे वाटते?" जे खरे आहे ते आधी मान्य केले, की समोरच्याच्या हातातील शस्त्र आपोआप बोथट होते. त्यानंतर पुरावा असा ठेवावा की जो कोणालाही तपासता येईल, आणि शेवटी प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर विषयावरच द्यावे लागेल.

टोमण्यात आक्षेपच नसेल, म्हणजे "अक्कल गहाण ठेवली आहे का?" एवढेच ऐकवले गेले असेल, तर त्यावर एका वाक्यापेक्षा जास्त खर्च करू नये. "माझ्या अकलेचे नंतर पाहू, 65 टक्क्यांबद्दल तुमचे म्हणणे काय आहे?" इतके पुरते. समोरची व्यक्ती अहोजाहो सोडून अरेतुरेवर आली तरी आपण अहोजाहो सोडू नये. मात्र अचानक "आपण", "महोदय" असे सुरू केले तर तो मानही टोमण्यासारखाच ऐकू येतो, तेव्हा रोजचे "काका"च बरे. "हेच का तुमचे संस्कार?" हे वाक्य अनेकांना सभ्य वाटते, पण त्यात समोरच्याचे आईवडीलही ओढले जातात, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

सभेला अध्यक्ष असतील तर उत्तर त्यांच्याकडे पाहून द्यावे. शब्द फारच लागले असतील तर ते मागे घेण्याची विनंती एकदाच करावी, आणि ती मान्य झाली नाही तर ते शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवण्यास सांगावे. सचिवांनी पेन उचलले की बरेच जण स्वतःच "तसे म्हणायचे नव्हते" असे म्हणतात.

जातीवरून अवमान झाला किंवा धमकी दिली गेली, तर मात्र गप्प बसून चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 नुसार, शांतताभंग होईल अशी चिथावणी देण्याच्या हेतूने केलेल्या अपमानाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. केवळ कोणी मूर्ख म्हटले म्हणून हे कलम लागत नाही. धमकीसाठी कलम 351 आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला इतर कोणी चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमानित केले, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि तो गुन्हा दखलपात्र असतो. अशा प्रसंगी नेमके शब्द, वेळ आणि ते ऐकणाऱ्या दोघातिघांची नावे त्याच रात्री लिहून ठेवावीत.

काकांचे प्रकरण अर्थातच तिथवर गेले नाही. हशा पिकवणारे चारचौघे जवळ नसले की बोलणे सोपे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका कागदावर हे सूत्र आणि तारखा लिहून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विचारले, "ठीक आहे, पण निफाडच्या द्राक्षबागांना कालव्याच्या पाण्याचे एक आवर्तन कमी पडले, तर ते कोण भरून देणार?" सभेतला त्यांचा खरा आक्षेप हाच होता, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते मी तसे सांगितले, तेव्हा काकूंनी चहा टाकला.